विरजणाची गावपळण

“ही जिती आसा?” गावकारांनी भट्टीच्या दारातून विचारलं.

उमेश हातात झाकण घेऊन पिंपाजवळ उभा होता. पुण्याहून आलेला माझा ग्रुप पिंपाला कान लावून वाकलेला होता. आतली माडी बुडबुडत होती आणि उमेशनं नुकतंच आपलं ठेवणीतलं वाक्य टाकलं होतं, “ऐका, ही माडी जिवंत आहे. श्वास घेतेय.” हे वाक्य पर्यटकांना फार आवडतं. लगेच मोबाईल बाहेर येतात. दारात उभ्या असलेल्या गावकारांनाही एरवी ते आवडलं असतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खा गाव रिकामा व्हायचा होता, आणि ते घरोघर फिरून त्याचीच आठवण करून देत होते.

आधी माझी ओळख सांगते. मी सरिता. मालवणात राहते, छोट्या सहली काढते. किल्ला, तारकर्ली, डॉल्फिन, मासळीचं ताट आणि परतीची गाडी, हे इथं सगळेच दाखवतात. त्यात मी वेगळं काय देणार? म्हणून मी उमेशची डिस्टिलरी शोधली. उमेश रीतसर परवाना काढून माडीपासून थोडीथोडी दारू गाळतो. नारळाच्या झाडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, रोज तासतात. तिच्यातून थेंबथेंब रस येतो, तो मडक्यात धरतात. हा रस आंबला की माडी, आणि माडी उकळून तिची वाफ थंड केली की दारू. इंग्रजीत याला क्राफ्ट डिस्टिलरी म्हणतात. मराठीत भट्टी म्हटलं की लोक मागच्या दारानं येतात, म्हणून बोर्डावर मीही डिस्टिलरीच लिहिते.

तो ग्रुप नेहमीचा नव्हता. आमच्या धंद्यात ‘फॅम ट्रिप’ म्हणतात तसला प्रकार होता. मोठी कंपनी तुमची सहल विकायला घेण्याआधी आपलं माणूस पाठवते, ते माणूस सगळं खाऊन, पिऊन, झोपून बघतं आणि मग हो की नाही ते कळवतं. कंपनीची केतकी त्यासाठीच आली होती, सोबत पुण्याचे काही हौशी पाहुणे घेऊन. तिनं हो म्हटलं तर माझा सीझन लागला. आणि ती एकाच गोष्टीसाठी हो म्हणणार होती, उमेशच्या भट्टीसाठी. किल्ले तिला रायगडापासून सगळीकडे मिळत होते.

आता गावपळण. आचऱ्याची गावपळण पुष्कळांना माहीत असते, पण त्या भागातल्या आणखी काही गावांतही ती होते. उमेशचा गाव त्यातलाच. नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या वेळी मला तिथं चहा मिळायचा नाही. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेला कौल लावतात. कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारून त्याचा होकार-नकार घेणं. देवानं होकार दिला की तीन दिवस तीन रात्री गाव देवाच्या ताब्यात. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळ्यांनी वेशीबाहेर जायचं. माळावर झावळ्यांच्या झापांच्या खोपी बांधायच्या, तिथंच रांधायचं, भजनं करायची. चौथ्या दिवशी परत कौल. देव हो म्हणाला तर घरी, नाहीतर आणखी मुक्काम.

तारीख कळल्यावर मी तर खूश झाले होते. आदल्या दिवशी भट्टी बघायची, दुसऱ्या दिवशी गाव निघताना बघायचा, असा कार्यक्रम मी मोठ्या हुशारीनं बसवला होता. केतकीला फोनवर सांगताना माझा आवाज जरा चढलाच होता. तात्या दारात येऊन उभे राहिले तिथं ती हुशारी संपली.

तात्या म्हणजे गावकार, देवाच्या कामातले गावचे मुख्य मानकरी. माणूस शांत, पण एकदा प्रश्न विचारला की उत्तर घेतल्याशिवाय हलत नाही.

“म्हणजे तशी जिवंत नाही, तात्यानू,” उमेश म्हणाला. “तां आपलां पावण्यांका सांगूचां.”

“खोटां सांगतंस पावण्यांका?”

“खोटां नाय. यीस्ट आसता ना तेच्यात. बारीक जीव.”

“मगे जिती आसा.” तात्यांनी पिंपाला कान लावला आणि बराच वेळ ऐकलं. “आमी कोंबडी न्हेतंव, बोकड न्हेतंव, माजर पोत्यात घालून न्हेतंव. मगे ही कित्याक रवतली? गावात एकय जितो जीव रवाक नको.”

मागच्या गावपळणीच्या वेळी भट्टीच नव्हती, त्यामुळे हा प्रश्न देवाला किंवा माणसाला आजवर पडलाच नव्हता. उमेशचा बेत साधा होता. पिंपं झाकून जायचं, तीन दिवसांनी यायचं, थोडी आंबट होईल तेवढी होईल. तो बेत आता कोलमडला. आमच्या ग्रुपमधल्या एका इंजिनियर गृहस्थांनी सुचवलं, की सगळं फ्रीजमध्ये ठेवा, थंडीत हे जीव झोपतात.

तात्यांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, “निजलेलो माणूस जितो नसता काय?”

इंजिनियरसाहेब पिंपापासून दोन पावलं मागं सरकले.

माडी वेशीबाहेर न्यावी, तर परवाना आड येत होता. आंबवलेला माल परवान्याच्या जागेबाहेर थेंबभरही नेता येत नाही. नेला तर भट्टीला टाळं. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. शेवटी उमेशनंच वाट काढली. माडी जिवंत असते, पण दारू नसते. उकळल्यावर त्यात जीव कुठला राहायला? तेव्हा उद्या दुपारी गाव निघायचा नगारा वाजायच्या आत सगळी पिंपं गाळून संपवायची. तयार दारू एक्साइजच्या सीलमध्ये गावात राहील, तिला देवाची हरकत नाही. तात्यांनी विचार केला आणि मान हलवली. मेलेल्याबद्दल नियम नाही, म्हणाले.

पण हे बोलणं सोपं होतं. उमेशची तांब्याची भट्टी लहान. दिवसाला एकदा पेटवायची, एवढाच तिचा जीव. वाफेची नळी थंड पाण्याच्या हौदातून जाते. सलग पेटवली तर हौदातलं पाणी तापतं, वाफ थंड होत नाही आणि धार बंद पडते. म्हणजे हौदात सतत गार पाणी ओतत राहायला हवं. आणि विहिरीवरचा पंप उमेशनं कालच उतरवून माळावर नेला होता, तिथं खोपींना पाणी लागणार म्हणून. गावातला प्रत्येक हात बांधाबांधीत गुंतलेला. मदतीला येणार कोण?

“आपण आहोत की,” कर्णिकबाई म्हणाल्या.

कर्णिकबाई निवृत्त मुख्याध्यापिका. दारूला त्यांनी जन्मात हात लावलेला नव्हता, लावणारही नव्हत्या. मैत्रिणींचा आग्रह म्हणून किल्ला बघायला आल्या होत्या आणि सकाळपासून भट्टीत नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या. त्यांनी रुमाल कमरेला खोचला, विहिरीपासून हौदापर्यंत सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं आणि कळशा हातोहात सुरू झाल्या. इंजिनियरसाहेबांना रहाटावर नेमलं. लाकडं आणायचं काम माझ्याकडं आलं.

केतकी कडेला उभी होती. “सरिताताई, प्रोग्राममध्ये हे नाहीये,” ती हळूच म्हणाली. “पाचला सनसेट बोटिंग आहे. रिसॉर्टचा हाय-टी आहे.”

मी म्हटलं, बाई गं, तुझं सगळं खरं, पण ही भट्टी बंद पडली तर पुढच्या सहलीत दाखवायला माझ्याकडं सूर्य तेवढा राहील. तिनं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली. एवढं सांगते, की शहरातल्या मुली कामाला वाईट नसतात. फक्त त्यांना काम कुणी देत नाही.

अंधार पडायच्या आत निम्मी पिंपं रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही परत हजर. सगळ्यांच्या तळहाताला फोड आलेले, आणि तरी कुणी रिसॉर्टवर थांबलं नव्हतं. धार पडत होती, उमेश दर थोड्या वेळानं तीत काचेची नळी सोडून जोर मोजत होता आणि तोंड वाकडं करत होता. अर्धवट आंबलेली माडी गाळली की दारू पाणचट होते. या वेळची तशीच झाली. चार जणांनी चाखली आणि चौघांनीही नुसतं “छान आहे हं” म्हटलं. आमच्याकडं जेवण बिघडलं की पाहुणे असंच म्हणतात.

पण पाणचट दारूचं उमेशला फारसं दुःख नव्हतं. त्याची नजर सारखी कोपऱ्यातल्या एका मडक्याकडं जात होती.

त्या मडक्यात विरजण होतं. दह्याला जसं विरजण लागतं, तसं त्याच्या माडीलाही. नुसती माडी आपोआप आंबते, पण कधी कशी आंबेल याचा नेम नसतो. कधी चक्क शिरका, म्हणजे व्हिनेगर, होतो. उमेशनं किती माडांचा रस किती वेळा लावून बघितला होता. कितीदा सगळं गटारात ओतलं होतं. त्यातून एकदा एक विरजण असं जमलं, की त्याच्या दारूला पिकल्या फणसासारखा हलका वास यायला लागला. तेच तो रोज ताजी माडी घालून जगवत आला होता. ते गेलं तर तसलं पुन्हा जमेल याची खात्री त्यालाही नव्हती. केतकीच्या कंपनीला हवी होती ती त्या वासाची दारू. म्हणजे उमेशचा धंदा आणि माझी सहल, दोन्ही त्या मडक्यावर उभी होती. आणि विरजण काही उकळून चालत नाही.

नगाऱ्याला थोडाच वेळ उरला असताना एक्साइजचे इन्स्पेक्टर कदमसाहेब जीप घेऊन आले. तयार दारूच्या खोलीला सील लावायला त्यांनाच बोलावलं होतं. मूळचे वैभववाडीकडचे, पण ड्यूटीवर एकदम पुस्तकी मराठी बोलणारे. त्यांनी माल मोजला, कुलूप लावलं, लाख लावली. परत फिरताना त्यांना उमेशची आई दिसली. जयवंतीकाकी एका हाताला कोंबड्यांची डालगी आणि दुसऱ्या कडेवर मडकं घेऊन टेम्पोत चढत होत्या.

“त्या मडक्यात काय आहे?” कदमसाहेबांनी विचारलं.

उमेश टेम्पोकडं धावला. त्याला आईचा हा बेत माहीतच नव्हता. काकींनी मात्र सरळ सांगितलं, “इरजाण आसा. आमच्यावांगडा येतलां.”

“काकी, आंबवलेला कोणताही पदार्थ परवान्याच्या जागेबाहेर नेता येणार नाही.”

“आनि जितो जीव गावात रवाचो नाय. इचार तात्यांका.”

तात्या तिथंच होते. त्यांनी मान हलवली. देवाचा नियम त्यांच्या हातात नव्हता, एक्साइजचा नियम कदमसाहेबांच्या हातात नव्हता आणि मडकं काकींच्या हातात होतं. तीन माणसं, तिघंही आपापल्या जागी बरोबर. मी धंद्यात पुष्कळ भांडणं मिटवली आहेत, पण तिथं माझी मती चालेना. मी रडायच्या बेतात होते. इतकं पाणी ओढलं, इतकी लाकडं वाहिली, आणि आता सगळं त्या मडक्यापाशी येऊन अडलं होतं.

कदमसाहेब अंगणात विहिरीपर्यंत गेले. परत आले तेव्हा त्यांनी टोपी काखेत धरली होती.

“तपासणीसाठी नमुना घेण्याचा मला अधिकार आहे,” ते म्हणाले. “नमुना अधिकाऱ्याच्या ताब्यात जागेबाहेर जाऊ शकतो. किती घ्यायचा ते मी ठरवतो.”

“किती घेणार, साहेब?” उमेशनं विचारलं.

“मडकं.”

नियमाप्रमाणे नमुन्याचं तोंड लाखेनं बंद करायला हवं. काकींनी त्यांचा हात धरला. तोंड बांधलं तर ते गुदमरेल, म्हणाल्या. मग कदमसाहेबांनी खिशातला स्वच्छ रुमाल काढला, तो मडक्यावर सैलसा बांधला आणि लाखेचा टिपका त्याच्या गाठीला लावला. ते जीपमध्ये बसल्यावर काकींनी मडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. सकाळ-संध्याकाळ रुमालातून ताजी माडी घालायची, ऊन लागू द्यायचं नाही, हिसके द्यायचे नाहीत, अशा सूचना दिल्या. माहेरून निघालेल्या बाळंतिणीला देतात तशाच. जीप निघाली, आणि मागोमाग देवळातला नगारा वाजला.

गाव निघाला ते आम्ही वेशीबाहेर उभं राहून बघितलं. गुरं, टेम्पो, डोक्यावर गाठोडी, पोत्यात ओरडणारं मांजर. सगळे हसतखेळत चाललेले. मागं उघडी घरं, आणि वाऱ्याशिवाय काही हलत नव्हतं. गावात राहिलेल्या एकाही वस्तूला त्या क्षणी श्वास नव्हता. केतकीनं फोन हातात धरला होता, पण शूट करायचं विसरली.

दुसऱ्या दिवशी आम्ही देवगडच्या किल्ल्यावर होतो. मी तटाचा इतिहास रंगात येऊन सांगत होते, तेवढ्यात माझा फोन वाजला.

“मॅडम, कदम बोलतोय. बुडबुडे कमी झालेत.”

मी विचारलं, माडी घातली का? घातली म्हणाले. स्वतः गणवेश उतरवून, साध्या कपड्यांत, दूरच्या माडवाल्याकडून आणली. एक्साइजचा इन्स्पेक्टर रोज माडी नेतो हे गावभर व्हायला नको, म्हणून. आवाज फार काळजीचा होता. उमेशला फोन लावला तर माळावर रेंज नाही. मी कदमसाहेबांना म्हटलं, तुम्हीच मडकं घेऊन माळावर जा. आमची गाडीही तिकडंच वळली. देवगडच्या बागा आणि दीपगृह राहून गेलं, पण एकाही पाहुण्यानं कुरकुर केली नाही. उलट कर्णिकबाई ड्रायव्हरला दोनदा म्हणाल्या, जरा लवकर.

आम्ही पोचलो तेव्हा काकी मडक्यावर वाकल्या होत्या आणि कदमसाहेब शाळकरी पोरासारखे पुढ्यात उभे होते.

“खंय ठेवलंस हेका?” काकींनी विचारलं.

“ऑफिसात. माझ्या केबिनमध्ये. एसी लावून ठेवला होता, दिवसरात्र. उकाड्यानं त्रास नको म्हणून.”

काकींनी कपाळाला हात लावला. थंडी बाधली होती त्याला. एसीत माणूसही गारठतो, मग या एवढ्याशा जिवाचं काय? त्यांनी मडकं चुलीपासून हातभर अंतरावर ठेवलं, भोवती गोणपाट गुंडाळलं आणि शेजारच्या गावातल्या माडाची ताजी माडी घातली. आता वाट बघण्याशिवाय कुणाच्या हातात काही नव्हतं.

नमुना अधिकाऱ्याच्या ताब्यात राहायला हवा, तेव्हा कदमसाहेबांना तिथून हलता येईना. त्यांनी फोन करायला टेकडीवर जाऊन रजा टाकली आणि काकींच्या खोपीबाहेर, मडक्याच्या बाजूला, अंथरूण घातलं. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर साहेब लुंगी-बनियनवर बसून नारळ किसत होते. पुस्तकी मराठी गेली होती. “येवा, बसा,” म्हणाले. आम्ही सकाळ-संध्याकाळ जात राहिलो. मासळी भाजायची, भजन ऐकायचं, पण आल्याआल्या सगळे आधी मडक्याकडं. कुणी कान लावी, कुणी वास घेई. इंजिनियरसाहेबांनी त्यात थर्मामीटर घालायचा प्रयत्न केला, काकींनी तो हातातून काढून घेतला. अधूनमधून एखादा बुडबुडा येई, आणि मग बराच वेळ काही नाही. मेलं तर मेलं, असं उमेश एकदा म्हणाला आणि उठून माळावर लांब चालत गेला. त्याला परत बोलवायला कुणी गेलं नाही. अशा वेळी माणसाला एकटं सोडायचं, हे त्या गावाला कळतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ग्रुपची परतीची रेल्वे होती, कणकवलीहून. सकाळपासून सगळ्यांचे कान देवळाकडं. तात्या आणि मानकरी कौल लावायला गेले होते. नगारा वाजला तर होकार. दहा वाजले, अकरा वाजले, काही नाही. केतकीनं चारदा घड्याळ बघितलं आणि पाचव्यांदा ते पर्समध्ये टाकलं. जेवणं होऊन पानं उचलली तेव्हा कुठं नगारा झाला. माळभर “व्हय म्हाराजा” उठलं आणि गुरंसुद्धा वळली.

कदमसाहेब मडकं पोटाशी धरून सगळ्यांच्या पुढं निघाले. भट्टीत आल्यावर त्यांनी गाठीवरची लाख काढली आणि रुमाल खिशात घातला. नमुन्यातला उरलेला भाग मालकाला परत करायची कायद्यात सोय आहे की नाही, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही. उमेशनं धुतलेल्या पिंपात ताजी माडी ओतली, तिच्यात विरजण घातलं, झाकण ठेवलं. विरजण जिवंत असेल तर थोड्या वेळात पिंप बोलायला लागतं. आम्ही सगळे भोवती उभे राहिलो.

पिंप बोलेना.

आणखी थोडा वेळ गेला. उमेशनं कान लावला, मान हलवली. गाडी चुकली तर परतीची सगळी बुकिंगं बोंबलणार होती, तेव्हा मीच सगळ्यांना जबरदस्तीनं आमच्या गाडीत बसवलं. माझ्या सहलीचा निरोप इतका गप्प कधीच झालेला नाही. केतकी खिडकीबाहेर बघत होती. काय कळवणार हे मी तिला विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

स्टेशनवर गाडी अर्धा तास लेट होती. आम्ही फलाटावर चहा घेत होतो तेव्हा कदमसाहेबांचा फोन आला. मी स्पीकर लावला. आधी नुसती खरखर ऐकू आली. मला वाटलं रेंज नाही. मग लक्षात आलं, की ती खरखर नव्हती. त्यांनी फोन पिंपाला लावला होता. बुड, बुड, बुड. पुण्याची ती सगळी माणसं माझ्या हातातल्या फोनभोवती वाकली.

“बोलता गो, वैनी,” कदमसाहेब म्हणाले. मला इतके दिवस ते मॅडम म्हणत होते. “बोलता हां ती. उमेश हयसर रडता आसा.”

तो रडत असेल, पण साहेबांचाही आवाज काही फार कोरडा नव्हता. कर्णिकबाईंनी नाकाला रुमाल लावला. या वेळी वासासाठी नव्हे.

पुढची हकीकत थोडक्यात. कंपनीनं सहल घेतली. फक्त त्यांच्या ऑफिसातून विचारणा झाली, की पुढच्या गावपळणीची तारीख आत्ताच फिक्स करता येईल का, ब्रोशरमध्ये छापायची आहे. मी कळवलं, तारीख देव देतो आणि त्याला ॲडव्हान्स बुकिंगची सवय नाही. गाळलेली पाणचट दारू उमेशनं दुसऱ्यांदा गाळून कशीबशी मार्गी लावली. नव्या पिंपाची मात्र पहिल्यासारखीच झाली, त्याच फणसाच्या वासाची. कदमसाहेबांची बदली झाली. जाताना ते भट्टीवर येऊन गेले, तपासणीला म्हणून.

या धंद्यात मी एक शिकले. पाहुण्याला बघायला नेलं तर तो फोटो घेऊन जातो, पाणी ओढायला लावलं तर काळजी घेऊन जातो. त्या ग्रुपचे फोन अजून येतात. कर्णिकबाईंचा तर महिन्याला ठरलेला असतो. “कशी आहे तब्येत? बुडबुडे येतायत ना?” एवढंच विचारतात. दारू कशी झाली, हे अजून त्यांच्यातल्या एकानंही विचारलेलं नाही.